जुंपून घेतलेला इन्व्हर्टर

परीक्षेच्या नियमांचं पान मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा सातव्या नियमापाशी येऊन अडकले. परीक्षा चालू असताना उमेदवाराचा कॉम्प्युटर कोणत्याही कारणाने बंद पडला, तर परीक्षा तिथेच संपली असं धरलं जाईल आणि पुन्हा संधी मिळणार नाही. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द ठळक छापले होते. नियम लिहिणारा माणूस कुठल्यातरी मोठ्या शहरात बाराव्या मजल्यावर बसलेला असणार. जामखेडपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या वस्तीत लाइट कशी येते आणि कशी जाते हे त्याने पाहिलं असतं, तर हा नियम लिहिताना त्याला लाज वाटली असती.

काम असं होतं: कानाला हेडफोन लावून लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि ते नीट मराठीत टाइप करायचं. घरी बसून, महिन्याच्या महिन्याला पगार. लग्नाआधी मी नगरला एका छापखान्यात टाइपिंग करायचे. माझा हात वेगवान होता आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. मग लग्न झालं, वस्तीवर आले, मुलगी झाली आणि नऊ वर्षं किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. आता नऊ वर्षांनी कुणीतरी मला कळवलं होतं की तुमचा नमुना आवडला, मुख्य परीक्षा द्या. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ही संधी हुकली तर मी दुसऱ्यांदा धडपड करणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखत होते.

परीक्षा मंगळवारी सकाळी दहा ते एक, घरच्या घरी. खोलीचं दार बंद, कॅमेरा चालू. खोलीत दुसरा चेहरा दिसला किंवा दुसऱ्या माणसाचा आवाज आला तरी परीक्षा बाद. आधी तपासून नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच ती द्यायची, म्हणजे कुणाचा लॅपटॉप उसना आणायचा रस्ताही बंद. आमचा कॉम्प्युटर टेबलावरचा, जुना, लाइट गेली की डोळे मिटणारा. माहेरी जावं तर दोन खोल्यांत सहा माणसं आणि भिंतीला लागून पिठाची गिरणी. शेवटी वस्तीवरच परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी लाइटची सोय करायची होती.

घरात आम्ही तिघं: मी, मुलगी आणि सासरे. नवरा श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात बॉयलरवर असतो. हंगाम तोंडावर आल्यामुळे त्याला रजा मिळणार नव्हती. फोनवर तो म्हणाला, "एक यूपीएस घेऊन टाक. आणि आबांना सोबत ने." सासऱ्यांना घरचे, भावकीतले, सगळे आबाच म्हणतात.

आबांना सोबत नेणं म्हणजे काय हे त्याला श्रीगोंद्यात बसून कळणार नव्हतं. आबांनी उभा जन्म बैल पारखण्यात घालवला. बैलजोडी घ्यायची असली की आसपासच्या गावांतले लोक त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून घोडेगावच्या बाजाराला न्यायचे. दात, खूर, खांदा, चाल, सगळं बघून झाल्यावर ते शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "जुपून दाखव." जुंपून दाखवल्याशिवाय त्यांनी कुणाला बैल घेऊ दिला नाही, एक वेळ सोडली तर. त्या एका वेळेबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या चुलतभावाला, म्हणजे तात्यांना, त्यांनी एक देखणा बैल नुसता बघून घेऊन दिला. संध्याकाळ होत आली होती, जीपवाला घाई करत होता, म्हणून जुंपला नाही. तो बैल ऐन पेरणीत, औत ओढता ओढता तासात खाली बसला आणि उठेना. तात्यांनी चारचौघांत आबांना विचारलं, की डोळे घरी ठेवून आला होतास का. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि आबांचं बाजाराला जाणंही बंद. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली असतील. दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध आहे.

तर या आबांना स्कूटीवर मागे बसवून मी जामखेडला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, काचेच्या दारामागे थंड हवेत बसलेला. त्याने तीन खोकी उघडून काउंटरवर मांडली. आबांनी एकेक यूपीएस उचलून हातावर तोलला, खालून पाहिला, जाळीला नाक लावून वास घेतला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

"किती वेळ चालंल?" आबांनी विचारलं.

"दोन तास आरामात, बाबा."

"कॉम्प्युटर लावून दाखवा."

दुकानदार हसला. "बाबा, नवा माल आहे. एकदा जोडला की तो जुना झाला."

"मंग कळायचं कसं? जुपून बघितल्याबिगर न्हाई घ्यायचं, पोरी."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक जण हसत होता. मी म्हणाले, "आबा, हे जनावर आहे का? कंपनीचा माल आहे, खोक्यावर सगळं लिहिलेलं असतं." आणि मधलं खोकं उचलून पिशवीत टाकलं. घरी येईपर्यंत सहा किलोमीटर आबा मागे बसून गप्प होते आणि मी पुढे बसून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

घरी आल्या आल्या यूपीएस जोडला, रात्रभर चार्ज केला आणि सकाळी कॉम्प्युटर चालू ठेवून भिंतीतली पिन उपसली. यूपीएसने कुंई केलं आणि पडदा तसाच राहिला. मी आबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. नऊ मिनिटांनी पडदा काळा झाला.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, दोन तास म्हणजे इंटरनेटच्या डब्याला, मॅडम, अख्ख्या कॉम्प्युटरला नाही. परत घेणार नाही हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं. परीक्षेला आठ दिवस उरले होते. मी यूपीएस इंटरनेटच्या डब्याला जोडला, तिथे तो इमानेइतबारे चालायला लागला, आणि मी ओट्यावर जाऊन बसले. आबा तिथेच शेंगा फोडत बसले होते. ते 'मी म्हनलं नव्हतं का' असं म्हणतील याची मी वाट बघत होते, म्हणजे मला भांडता आलं असतं.

ते म्हणाले, "आपली गाडी घेऊन जाऊ. गाडी आपली असली म्हंजे बैलाला नाटकं करता येत न्हाईत."

त्यांचं म्हणणं कळायला मला थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आमचा कॉम्प्युटर, पडदा, वायरी, सगळं गोधडीत गुंडाळून दुधाच्या टेम्पोत ठेवलं आणि आम्ही पुन्हा जामखेडला गेलो. या वेळी आबांनी दुकान निवडलं. ते दुकान नव्हतंच, रस्त्याकडेची पत्र्याची शेड होती. तिथला माणूस ट्रॅक्टरच्या आणि घरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. त्याच्या शर्टाला अ‍ॅसिडची भोकं पडलेली होती आणि बोलताना तो आपल्याकडे न बघता बॅटरीकडे बघत बोलायचा. आबांना हा माणूस बघताक्षणी पटला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तीन तास पायजे तर यूपीएसच्या नादी लागू नका. घरचा इन्व्हर्टर घ्या, मोठ्या बॅटरीचा. त्याला मागं बटन असतंय. एक बाजू पंख्याची, एक बाजू कॉम्प्युटरची. कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवलं की लाइट गेलेली कॉम्प्युटरला कळत बी न्हाई."

"जुपून दाखवता?" आबांनी विचारलं.

"त्याच्याशिवाय मी देत न्हाई," तो माणूस म्हणाला.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या शेडमध्ये, टायरच्या आणि अ‍ॅसिडच्या वासात, आम्ही आमचा कॉम्प्युटर मांडला. माणसाने मेन स्विच पाडला. वरचा बल्ब गेला, पडदा हलला नाही. मी पुढ्यात बसून टाइप करू लागले. पहिल्या पंधरा मिनिटांत मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. आबा बॅटरीशेजारी उकिडवे बसून तिच्यावर हात ठेवून होते, ती तापते का बघायला. चहा आला, गेला. दोन तास झाले, इन्व्हर्टरवरच्या पाच हिरव्या दिव्यांतले तीन अजून पेटलेले होते. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "घ्या." मला त्या दिवशी खरोखर बरं वाटलं, आणि थोडी लाजही.

रविवारी घरी रंगीत तालीम केली. दहा ते एक. मध्येच आबांनी बाहेरून मेन स्विच पाडला आणि अर्ध्या तासाने चढवला. कॉम्प्युटरला काही कळलं नाही. इन्व्हर्टर बाहेरच्या खोलीत, वायर दाराखालून आत, बटण कॉम्प्युटरच्या बाजूला. ते तसंच ठेवून मी निर्धास्त झोपले.

इथे आमचं चुकलं. माझं आणि आबांचं, दोघांचंही. बैल पारखणाऱ्याने तरी हे चुकायला नको होतं. आम्ही बैल जुंपून बघितला तो डांबरी रस्त्यावर, जामखेडच्या भरल्या लाइटीत. आणि घरी तालीम केली ती रात्रपाळीच्या आठवड्यात.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आठ तास असते. एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. वस्तीवरची घरंही त्याच डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत. बाकीच्या वेळी घरापुरती बारीक लाइट चालू असते. रात्रपाळीत दिवसा मोटारी बंद, त्यामुळे घरातली लाइट चांगली. सोमवारी पाळी बदलली. साडेआठला थ्री फेज आली आणि डीपीवरच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. ऑक्टोबरचं ऊन, कांद्याची लागण नुकती झालेली, प्रत्येकाला पाणी पाहिजे. मोटारी सुरू झाल्या की ट्यूब मिणमिणते, हे मी नऊ वर्षं बघत होते. पण इन्व्हर्टरला ते बघायची सवय नव्हती. बटण कॉम्प्युटरच्या बाजूला असलं की तो लाइटीच्या बाबतीत फार सोवळा असतो. कमी दाबाची लाइट तो लाइटच मानत नाही, गुपचूप बॅटरीवर जातो. हे त्या शेडमधल्या माणसाने सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

आणि सोमवारी मी काय केलं, तर परीक्षेसारखाच तीन तास सराव केला. सकाळी नऊपासून बारापर्यंत मी टाइप करत होते, वर पंखा गरगरत होता आणि मी समजत होते लाइट आहे. खरं म्हणजे ते तीन तास मी मंगळवारची बॅटरी खात होते. संध्याकाळी ती भरायला लागली तोवर वस्तीची लाइटच गेली आणि पहाटे आली.

मंगळवारी मुलीला शाळेत पाठवलं. सव्वानऊला आबा इन्व्हर्टरसमोर वाकून उभे होते. "रविवारी पाच दिवे हुते की. आता तीनच हायेत."

मी हेडफोनची वायर सोडवत होते. "आबा, आता काही बोलू नका. तीन पुरतात. त्या दिवशी दोन तासांनी तीनच होते ना?" हे मी कुठलं गणित केलं, देव जाणे. "आणि एक लक्षात ठेवा. दहानंतर माझ्या दारात यायचं नाही, हाक मारायची नाही. माणसाचा आवाज आला की परीक्षा गेली. माणूस दिसला तरी गेली. काहीही झालं तरी."

"बरं," आबा म्हणाले आणि इन्व्हर्टरशेजारी स्टूल घेऊन बसले. मी दार लावून घेतलं.

पहिला तास बरा गेला. बोटं सुरुवातीला अडखळली, मग जुन्या वाटेला लागली. कानात कुणीतरी बाई तिच्या गुडघेदुखीबद्दल डॉक्टरांशी बोलत होती, मी ते लिहीत होते. मग दोन माणसं जमिनीच्या मोजणीवरून वाद घालत होती. मला मजा येऊ लागली होती. सव्वाअकराच्या सुमाराला दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या शांततेत बाहेरून आवाज आला. टीं. मग थोड्या वेळाने परत, टीं.

मी वर पाहिलं. ट्यूब पेटलेली होती. लाइट होती. मग हा का ओरडतोय? पडद्यावर लाल अक्षरं आली: नजर पडद्यावर ठेवा. मी मान खाली घातली आणि पुढचं रेकॉर्डिंग सुरू केलं, पण ऐकू काहीच येईना. म्हणजे शब्द कानात येत होते, डोक्यात जात नव्हते. एक वाक्य मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. टीं. बाहेर आबांचं स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. दाराच्या फटीत त्यांची सावली आली आणि थांबली. मला ओरडून विचारायचं होतं की किती दिवे राहिले. आणि त्यांना सांगायचं असणार. आमच्या दोघांमध्ये एक फळीचं दार होतं आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. सावली तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. वहाणांचा आवाज ओट्यावरून खाली उतरला आणि लांब गेला.

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा माणूस घाबरला आणि मला टाकून निघून गेला, असंच मला वाटलं. ते राहून तरी काय करणार होते, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. टीं टीं आता जवळजवळ येऊ लागलं होतं. मी टाइप करत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. प्रत्येक ओळ ही शेवटची असं धरून मी ती पुरी करत होते. अकरा चाळीस. अकरा सत्तेचाळीस. अजून सव्वा तास होता आणि मला ठाऊक होतं की एवढा वेळ हे चालणार नाही. मी मनातल्या मनात नवऱ्याला फोन करून सांगतही होते की झालं, गेली परीक्षा, जाऊ दे.

अकरा पंचावन्नला आवाज थांबला.

मी पडदा काळा व्हायची वाट बघितली. झाला नाही. उलट डोक्यावरची ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लख्ख झाली, रात्रपाळीच्या आठवड्यात असते तशी. मी काही समजून घ्यायच्या भानगडीत पडले नाही. पुढचा तास मी कधी केलं नव्हतं इतक्या वेगाने आणि इतकं नीट काम केलं. एक वाजायला चार मिनिटं असताना शेवटचं रेकॉर्डिंग संपलं. 'आपली परीक्षा पूर्ण झाली आहे' असं वाक्य पडद्यावर आलं, ते मी तीन वेळा वाचलं.

मग मी रडले. मग नवऱ्याला फोन केला, तो बॉयलरच्या आवाजात ओरडून काय काय म्हणत होता, काही कळलं नाही, पण आनंदात होता. मग आईला फोन केला, आणि आईशी नेहमीसारखं अर्धा तास बोलणं झालं. बाहेर आले तर स्टूल रिकामं. जेवायला येतील, म्हणून मी आबांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवून घेतलं, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाठ टेकली तर डोळा लागला.

उठले तेव्हा अडीच वाजले होते. ताट तसंच झाकलेलं. पाणी प्यायला मागच्या दारी गेले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते लगेच कळेना. मग कळलं. दिवसपाळीच्या आठवड्यात साडेआठ ते साडेचार आमच्या वस्तीवर मोटारींची घरघर असते, इतकी की ती ऐकू येईनाशी होते. ती नव्हती. चारी बाजूंनी सामसूम होती, नुसते होले घुमत होते. लाइट मात्र होती, स्वयंपाकघरातली ट्यूब लख्ख पेटलेली.

पायात चप्पल अडकवून मी डीपीकडे निघाले. वाटेत आमची विहीर लागली. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडं, मोटार बंद, आणि कांद्याच्या वाफ्यात पाणी मध्यापर्यंत येऊन थांबलेलं, पुढचा अर्धा वाफा कोरडा. पलीकडच्या शेतातही तेच. आठ तासांतले तीन तास असे गेले होते, आणि भरून निघायचे नव्हते, कारण लाइट कुणासाठी थांबत नाही.

डीपीजवळ लिंबाच्या सावलीत पाच जण बसले होते. तिघं भावकीतले. एका दगडावर आबा, दुखरा गुडघा पुढे लांब करून. त्यांच्या शेजारच्या दगडावर तात्या.

सकाळी काय झालं ते मला नंतर तात्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी सांगितलं. इन्व्हर्टर ओरडायला लागल्यावर आबांनी ओट्यावरून खाली उतरून, लांब जाऊन शेडमधल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बटणाला आता हात लावू नका, झटका बसून कॉम्प्युटर बंद पडेल. दाब कमी आहे, मोटारी बंद करा, आपोआप लाइटीवर येईल. आबांनी आपली मोटार बंद केली, पण त्याने काही झालं नाही. मग ते बांधावर गेले. तात्यांची मोटार डीपीवरची सगळ्यात मोठी. तात्या खोऱ्याने वाफ्यांची दारं धरत पाणी देत होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आबा त्यांच्याशी बोलले, आणि बोलले ते एवढंच, "सुनंचा पेपर हाय. मोटर बंद कर." तात्यांनी काही विचारलं नाही. हातातलं खोरं टाकलं, जाऊन लाल बटण दाबलं, आणि आबांच्या गुडघ्याकडे बघून म्हणाले, "तू बस हितं. बाकीच्यांच्या मी बंद करून येतो." आणि ते बांधाबांधाने पळाले, अडुसष्टाव्या वर्षी.

पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी नुसती त्या पाच जणांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"झाला का पेपर?" तात्यांनी विचारलं.

"झाला, तात्या."

"कवा?"

मला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच झाला, असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण जीभ वळली नाही. "एक वाजता," मी म्हणाले. "मी... माझ्या लक्षात आलं नाही."

एकाने मोबाईल काढून वेळ पाहिली आणि खिशात ठेवला. तिघं उठून आपापल्या विहिरीकडे चालू लागले, घाईने, पण कुणी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. मी परीक्षेत पास झाले, आज ते काम करते, पगार येतो. पण त्या दीड तासाचं मला अजून वाईट वाटतं. मी जेवून झोपले होते, आणि पाच जणांच्या पिकाचं पाणी माझ्यासाठी अडून बसलं होतं.

"अहो, कुणीतरी यायचं विचारायला," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. रडू आलं की माझा आवाज चढतो. "एक हाक मारायची होती."

"आमी म्हनलं, मोठा पेपर दिसतोय," तात्या म्हणाले. "आन् हाक कशी मारायची? आबा म्हनला, मानसाचा आवाज गेला की पेपर गेला."

घर तिथून तीनशे पावलांवर होतं. हे सांगतानाही तात्या अगदी हळू, कुजबुजत बोलत होते.